शेपटीला वाक असलेला कॉर्न स्नेक विकायचा तर

मकी, म्हणजे माझी कॉर्न स्नेक, घेतली तेव्हा मला कुणी तिची शेपटी दाखवली नव्हती. मोबाइलवर आलेल्या आठ-दहा फोटोंत ती कायम वेटोळं करून बसलेली, तोंड पुढं, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके झकास उठून दिसणारे. बेळगावात डबा उघडला तेव्हा कळलं की शेवटच्या दोन बोटांएवढी शेपटी डावीकडं मोडल्यासारखी वळलेली आहे. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "ते असतंय की! काय होत नाही त्यानं." काही झालं नाही हे खरं. चार वर्षं ती ठणठणीत होती. पण पैसे मी बिनखोडीच्या सापाचे मोजले होते, आणि ते मला अजून टोचतं.

पुढं नोकरीसाठी गाव सोडायची वेळ आली आणि मकीला दुसरं घर बघावं लागलं. आमचा आजा बाजारात बैल उभा केला की गिऱ्हाईकानं विचारायच्या आत खोड सांगून मोकळा व्हायचा. सापाच्या बाबतीतही मी तेच केलं, आणि खालचं सगळं त्याच अनुभवातून लिहितोय. पहिल्यांदाच साप विकणाऱ्यांनी पायऱ्या शक्यतो याच क्रमानं घ्याव्यात. जाहिरात आधी आणि कागद मागून, असं केलं की गोंधळ होतो.

पहिली पायरी: साप कुठला आणि कागद कुठले

कॉर्न स्नेक आपल्या मातीतला नाही. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, उंदरांना विळखा घालून मारणारा. मोठा झाला की तीन ते पाच फूट भरतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीत मक्याच्या कणसासारख्या. आमच्या आईनं 'मकी' नाव ठेवलं ते मात्र नुसतं इंग्रजी नावावरून; मकीच्या पोटावर काळं काहीच नव्हतं, कारण ती काळं रंगद्रव्य नसलेल्या जातीची. डोळेसुद्धा लालसर.

हे आधी सांगायचं कारण असं की धामण, नाग, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणंही गुन्हा आणि विकणंही. खानापूरच्या रानात पकडलेला तस्कर जातीचा साप 'कॉर्न स्नेक' म्हणून खपवायला बघणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. तपकिरी रंग, सडपातळ अंग, नवख्याला दोघं सारखे वाटतात.

२०२२ च्या दुरुस्तीनं या कायद्यात नवी चौथी अनुसूची आली. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी तिच्यात आहेत. बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर त्यात येतो, म्हणून तो बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक सायटिसच्या यादीत नाही. पण याचा अर्थ कागदच नको असा घेऊ नका. परदेशातून जिवंत साप आणायला केंद्राचा आयात परवाना लागतो, आणि बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत कॉर्न स्नेक सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तुमचा साप इथंच जन्मलेल्या पिल्लांपैकी आहे हे दाखवणारं बिल, निदान कुणाकडून कधी घेतला याची लेखी नोंद, हाताशी हवी.

माझ्याकडे बिल होतं, पण त्यावर 'रेड कॉर्न, १ नग' एवढंच. म्हणून मी वनखात्याच्या कार्यालयात एक साधा अर्ज दिला: माझ्याकडे अमुक जातीचा परदेशी साप आहे, अमुक साली घेतला, आता दुसऱ्याला देतोय. मजकूर मराठीत लिहिला आणि शेजारच्या अक्कांकडून कन्नड करून घेतला. अक्कांनी लिहिता लिहिता तीनदा विचारलं, "हावू मनेयल्ली इदे?" साप घरात आहे? आहे म्हटल्यावर त्या दारातच उभ्या राहून बाकीचा अर्ज सांगत होत्या. अर्जाची पोच घ्या, दोन झेरॉक्स काढून ठेवा.

एकदा एक साप विकणं वेगळं. पिल्लं काढून विकायला लागलात की तो धंदा झाला. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत आणि राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

दुसरी पायरी: खोड किरकोळ आहे का, हे आधी स्वतःला पटवा

'किरकोळ खोड' हे शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार पटकन येतात. म्हणून ही पायरी घाईनं उरकू नका.

साप हातात घेऊन त्याला स्वतःच्या गतीनं एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ द्या. अंगठा आणि पहिलं बोट त्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंना अगदी हलकं टेकवा, दाबू नका. पाठीचा कणा बोटांखालून माळेच्या मण्यांसारखा सरकत जातो. कुठं मणी वर आल्यासारखा वाटला, कुठं खड्डा पडल्यासारखा वाटला, तर तिथं थांबून ती जागा तोंडापासून किती अंतरावर आहे ते टेपनं मोजून लिहून ठेवा. मकीच्या अंगावर असं काहीच नव्हतं. गुदद्वाराच्या बऱ्याच मागं, शेपटीच्या टोकाजवळ, एकच मणी तिरका आणि तिथून पुढं वाक. म्हणजे पोटातल्या कुठल्याही अवयवाच्या आड येणारं काही नाही. खाणं, हगणं, सरकणं सगळं नीट.

तोच वाक अंगाच्या मधोमध असता तर मी तिला किरकोळ खोडीची म्हटलं नसतं. मधल्या कण्यात मोठा बाक असेल तर मोठा उंदीर पुढं सरकायला त्रास होऊ शकतो, आणि मादी असेल तर अंडी अडकायची भीती. अशा सापाचा एक्स-रे काढून, साप हाताळायचा अनुभव असलेल्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय विकायला काढू नका.

वाक येतो कशानं? अंडी उबवताना उष्णता जास्त झाली किंवा सारखी वर-खाली झाली तर पिल्लाचा कणा वाकडा होऊ शकतो. रक्तातल्या रक्तात जोड्या लावल्या तरी होतो. कधी झाकणात शेपटी सापडून पिल्लूपणीच मोडलेली असते. आपल्याला नेमकं कारण सहसा कळत नाही. म्हणून 'जन्मजात नाही, लागलंय' असं छातीठोक सांगू नका. ठाऊक नाही, असंच म्हणा.

शेपटीचं टोकच गेलेले साप आपल्या भागात बरेच बघितलेत. फेब्रुवारी ते एप्रिल इकडची हवा कोरडी, कात नीट निघत नाही, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं राहतं, आणि ते आवळून रक्त बंद झालं की टोक वाळून काळं पडतं. पालीची शेपटी परत येते तशी सापाची येत नाही. पण जखम भरलेली असेल तर ही खोड खरंच किरकोळ. एक डोळा नसलेला कॉर्न स्नेकसुद्धा जिभेनं वास घेऊन बिनधास्त खातो; फक्त आंधळ्या बाजूनं हात नेला तर दचकतो, आणि ते घेणाऱ्याला सांगायला हवं.

आता ज्याला किरकोळ म्हणायचंच नाही ते. खाल्लेलं वारंवार बाहेर टाकणं. पोटाच्या मध्यभागी कायमची सूज. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे. मान मागं टाकून वर बघत राहणं, उलटं केलं तर सरळ होता न येणं. खवल्यांच्या फटीत काळे ठिपक्यांएवढे हलणारे किडे. हे आजार आहेत, शेवटचं सोडलं तर गंभीर. असला साप विकायचा नाही, फुकटही द्यायचा नाही, आधी उपचार.

तिसरी पायरी: महिनाभराची वही

विकायचं ठरल्यावर लगेच विकू नका. किमान महिनाभर, जमलं तर तीन-चार वेळचं खाणं होईपर्यंत, एका वहीत तारीखवार लिहा: काय खाल्लं, कात कधी टाकली, एकसंध निघाली का तुकड्यांत, वजन किती. वजनाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो; साप झाकणाच्या डब्यात घालून तोला आणि डब्याचं वजन वजा करा. काटा वेगळा घ्या, नाहीतर आमच्याकडं जे झालं ते होईल. आईनं त्या काट्यावर परत कधी रवा मोजला नाही.

सगळ्यात शेवटची कात टाकून देऊ नका. शेपटीच्या टोकासकट निघालेली अख्खी कात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. वाक असलेल्या जागीही कात नीट सुटते याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

चौथी पायरी: जाहिरात

फोटो चार. पहिला शेपटीचा, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. दुसरा अख्ख्या सापाचा, वेटोळं सोडून. तिसरा पोटाचा. चौथा तोंडाचा, डोळे स्पष्ट दिसतील असा. रंगाला फिल्टर लावायचा नाही. नारिंगी सापाला पिवळ्या बल्बखाली धरलं की तो फोटोत दुप्पट देखणा होतो आणि गिऱ्हाईक दारात येऊन हिरमुसतं.

मजकूर मी असा लिहिला होता: 'कॉर्न स्नेक, बहुतेक मादी (तपासून घेतलेली नाही), साधारण साडेचार वर्षांची, काळा रंग नसलेली. शेपटीच्या टोकाजवळ जुना वाक आहे, फोटो पहिला बघा. खाणं नियमित, वही दाखवेन. पिल्लं काढण्यासाठी देणार नाही. बेळगावात येऊन बघून घ्यावी, कुरिअर नाही.'

'पिल्लं काढण्यासाठी नाही' हे वाक्य टाकल्यावर फोन निम्मे झाले. होऊ द्या. वाक अनुवंशिक आहे की नाही हे आपल्याला माहीत नसताना पुढच्या दहा-वीस पिल्लांवर तो प्रयोग कशाला?

फेसबुक खाजगी लोकांना प्राणी विकू देत नाही, त्यामुळे तिथं टाकलेली जाहिरात उडते. माझं गिऱ्हाईक ओळखीतूनच मिळालं, मासे-पक्षी पाळणाऱ्या लोकांतून. व्हॉट्सॅपवर 'आधी अर्धे पैसे टाका' म्हणणारे विकणारे खूप आहेत, म्हणून घेणारेही बिचकलेले असतात. तुम्ही आगाऊ रक्कम मागूच नका.

पाचवी पायरी: किंमत

किंमतीचा ठरलेला दर नाही. त्याच रंगाचा, त्याच वयाचा बिनखोडीचा साप कितीला जातोय ते दोन-तीन ठिकाणी विचारा आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करा. पेटी, दिवा, थर्मोस्टॅट, पाण्याचं भांडं सोबत देणार असाल तर त्याचे पैसे वेगळे सांगा. नाहीतर घासाघीस करताना लोक पेटीच्या किमतीत साप मागतात.

सहावी पायरी: माणूस ओळखा

मला सगळ्यात जास्त वेळ इथं लागला.

सीमाभागात सापाची जाहिरात टाकली की एक विशिष्ट प्रकारचे फोन येतातच. पहिला प्रश्न, "वजन किती?" दुसरा, "दोन तोंडं आहेत का?" हे मांडुळाच्या मागं लागलेले लोक. मांडुळाच्या वजनावर लाखो-कोटींचे आकडे सांगणारी टोळकी दोन्ही राज्यांत फिरतात. साप वेगळ्या रंगाचा, डोळे लाल, त्यात शेपटी वाकडी म्हटल्यावर त्यांना त्यात गुप्तधन दिसायला लागतं. एकानं मला सरळ विचारलं, अमावस्येच्या आत मिळेल का? फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि कर्नाटकातही २०१७ चा अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा आहे, पण कायद्यापर्यंत जायच्या आत तुमचा साप कुठल्यातरी मांडावर जाऊन पोचेल.

श्रावणात जाहिरात नको. नागपंचमीच्या आधी मला एका काकूंचा फोन आला: दोन दिवस भाड्यानं मिळेल का, पूजा झाली की परत आणून देतो, दूध आम्ही पाजतो. काकूंचा हेतू वाईट नव्हता. पण साप दूध पचवत नाही, आणि हळदी-कुंकवात माखलेला साप परत येऊन किती दिवस जगेल कोण जाणे. "काकू, हा नाग नव्हे, अमेरिकेचा उंदीर खाणारा आहे," असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच नको म्हटलं.

मग कॉलेजची मुलं. हौस खरी असते, पण पुढं काय, हे विचारा. घरात कोण कोण आहे? आईवडिलांना माहीत आहे का? गोठवलेले उंदीर फ्रिजमध्ये ठेवायला चालेल का? या तिसऱ्या प्रश्नावर निम्मी मुलं गप्प होतात. परीक्षेला, गावी जाताना साप कुणाकडं ठेवणार? भाड्याची खोली असेल तर मालक? कॉर्न स्नेक घाबरला की शेपटी पालापाचोळ्यात थरथरवून खुळखुळ्यासारखा आवाज करतो, आणि ज्याला साप म्हणजे घोणसच वाटते असा शेजारी तो आवाज ऐकून काठी घेऊन येतो. आपल्याकडं खिडकीतून सुटलेल्या सापाला दुसरी संधी मिळत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारा: कंटाळा आला तर काय करणार? 'रानात सोडीन' असं उत्तर आलं तर व्यवहार तिथंच संपवा. भीमगडच्या जंगलात किंवा उसाच्या फडात परदेशी साप सोडणं ही दया नाही. कॅरिबियन बेटांवर माणसानं नेलेले कॉर्न स्नेक तिथं पसरून बसलेत.

मी ज्यांना मकी दिली ते निपाणीकडचे एक दादा. आले ते स्वतःची पट्टी घेऊनच. शेपटी बघितली, वही बघितली, कात उलगडून टोकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "हिवाळ्यात गरम बाजूला किती ठेवता?" २९-३० अंश, थंड बाजू २३-२४ च्या आसपास, असं सांगितलं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या रात्री १४-१५ अंशांवर उतरतात, दिवा गेला तर साप खाल्लेलं पचवू शकत नाही. हे त्यांना आधीच ठाऊक होतं. असा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की मग किंमतीवर ताणू नये.

सातवी पायरी: हवाली करणं

शेवटचं खाणं होऊन चार-पाच दिवस गेलेले असू देत. भरल्या पोटी प्रवास केला तर उलटी होते. साप स्वच्छ उशीच्या अभ्र्यात घालून तोंड गाठीनं बांधा, शिवण आधी बघून घ्या. अभ्रा भोकं पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. डबा गाडीत सावलीला. बसनं नाही, पार्सलनं नाही, मोटरसायकलच्या टाकीवर तर नाहीच, टाकी तापते. शक्यतो सकाळी.

घेणारा कोल्हापूरचा असेल तर डबा कोगनोळीपाशी राज्याची हद्द ओलांडणार. तिथं कुणी अडवून डबा उघडायला लावला तर 'पाळीव आहे हो' एवढ्यावर भागत नाही. बिल, वनखात्याच्या अर्जाची पोच आणि विक्रीची चिठ्ठी, तिन्हीच्या प्रती डब्याबरोबर असाव्यात.

विक्रीची चिठ्ठी साधीच, पण त्यात खोड अक्षरात लिहा. आमच्या चिठ्ठीतलं ते वाक्य: 'शेपटीच्या टोकापासून सुमारे ४ सेंमी अंतरावर डावीकडे जुना वाक आहे, तो घेणाऱ्यांनी हातात घेऊन पाहिला आहे.' तारीख, रक्कम, दोघांची नावं-पत्ते, सह्या. सापाची जात लिहिताना शास्त्रीय नावही लिहा, पँथेरोफिस गटॅटस. दोन प्रती, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये. कुठल्या बाजूचा अधिकारी कागद बघेल ते सांगता येत नाही. साप हाताळून झाल्यावर दोघांनीही साबणानं हात धुवा. सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि लगेच चहा-बिस्किटं समोर येतात.

आठवी पायरी: पहिला उंदीर

नव्या घरी पहिला आठवडाभर तिला हातात घ्यायचं नाही, एवढंच सांगून पाठवा. पाणी, लपायला जागा, उष्णता, बस. सहा-सात दिवसांनी नेहमीपेक्षा थोडा लहान उंदीर. नाही खाल्ला तरी घाबरायचं कारण नाही. जागा बदलली की साप एखाद-दुसरा घास सोडतो.

दादांना मी सांगितलं होतं की महिनाभरात तिनं काहीच खाल्लं नाही, किंवा खोड मी सांगितली त्याहून जास्त निघाली, तर साप परत आणा आणि पूर्ण पैसे घेऊन जा. त्यासाठी ते पैसे मी आईच्या लोखंडी कपाटात वेगळ्या पाकिटात ठेवले होते. दहाव्या दिवशी फोटो आला नाही. सोळाव्या दिवशी रात्री साडेअकराला आला: मकीच्या तोंडातून उंदराची शेपटी लोंबतेय, आणि मागं तिची स्वतःची, डावीकडं वळलेली. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं.